दुकानातून आलेली सायकल
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला मी काही तरी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा विषयाची बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले, संत्र्याच्या सालीचा मुरंबा घ्या. कोणी म्हणाले, उन्हाळ्यात मुलांची काळजी कशी घ्यावी ते सांगा. दोन्ही विषय उत्तम आहेत आणि त्यांवर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणाऱ्या बाया समोरच बसल्या आहेत. मी सायकलीचा विषय मागून घेतला. तेव्हा एक मैत्रीण हसून म्हणाली, "सायकलीवर बोलायचं काय? ती तर चालवायची असते!" खरे आहे. पण मी सायकल चालविण्यावर बोलणार नाही. दुकानातून दुरुस्त होऊन घरी आलेली सायकल मुलीच्या हाती देण्यापूर्वी आपण काय पाहावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. माझ्या माहेरी सायकलीचे दुकान होते. परकर-पोलक्यात होते तेव्हापासून छर्रे, नट आणि वायसर निवडून ठेवण्याचे काम माझ्याकडे असे. त्यामुळे या विषयात थोडेफार सांगण्याचा मला हक्क आहे, असे मी समजते.

आपल्या वरुडाची सकाळ तुम्ही रोज पाहता. जवळपासच्या खेड्यांतून, वावरांतल्या वस्त्यांवरून, मुली दप्तर कॅरियरला दाबून शाळेला निघतात. जरूडकडून येणारा रस्ता असो, शेंदूरजना घाटाकडचा असो की पांढुर्ण्याकडचा, त्याच रस्त्यावर ट्रक आणि टेम्पोही असतात. आंबिया बहाराची तोड लागली की पहाटेपासून संत्र्याच्या गाड्या धावू लागतात. मग मृग बहाराची तोड येते. गाडीवाल्यांना घाई असते, कारण माल नासका. मुलींनाही घाई असते, कारण पहिली घंटा व्हायची असते. या दोन घायांच्या मध्ये रस्त्याची जी काय कड उरते, तिच्यावरून आपल्या मुली चालल्या आहेत.

हल्ली घरोघरी स्कूटी आली आहे, सायकलीचे एवढे काय, असेही कोणी म्हणेल. परंतु कायदा असा आहे की, गिअर नसलेली ५० सी.सी.पर्यंतची गाडी १६ वर्षे पूर्ण झाल्यावाचून चालविता येत नाही आणि बाकीच्या गाड्यांना १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडला, तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. म्हणजे आठवी-नववीतील मुलीला स्वतःच्या हक्काने चालविता येईल असे वाहन एकच. हे सरकारनेही ओळखले आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना निघाली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली निवडक तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळते. सायकल मिळते, हे फार चांगले. पण ती सहा महिन्यांनी दुकानात जाते, तेथून परत येते, आणि ती नीट आली की नाही हे पाहणारे माणूस कोणत्याच योजनेत मिळत नाही. ते घरातच असावे लागते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. ओळखीच्या घरातली नववीतली मुलगी. पुढच्या चाकाची ट्यूब बदलून सायकल संध्याकाळी घरी आली. ट्यूब नवी, हवा भरलेली, चाक फिरवले तर सुरेख फिरते. सगळ्यांनी म्हटले, छान झाली. तिसऱ्या दिवशी रस्त्यातल्या एका खड्ड्यात चाक आदळले, चिमट्यातून एका बाजूने सरकले, तिरपे होऊन चिमट्यालाच घासून अडकले आणि मुलगी हँडलवरून पलीकडे पडली. मागून ट्रक येत होता. चालकाने वेळीच थांबविला म्हणून मनगटावरच निभावले. नंतर पाहतात तो एका बाजूचा नट हातानेच फिरविलेला, पाना लागलाच नव्हता. दुकानाचे नाव मी घेत नाही, घेण्याची गरजही नाही. हा नट कोणत्याही दुकानात राहू शकतो. मला सांगावयाचे आहे ते पुढचे. मनगट सहा आठवड्यांत जुळले. सायकल मात्र वडिलांनी गोठ्यात कुटाराच्या मागे टाकली ती टाकलीच. "पोरीच्या जातीला सायकल नको, आधीच सांगितलं होतं," असे आजीने ऐकविले. मुलगी ऑटोने जाऊ लागली. ऑटो येई त्या दिवशी शाळा, न येई त्या दिवशी घर. दहावीला ती बाहेरून बसली.

मुलगा पडला तर त्याला हळद लावून, चार शिव्या देऊन पुन्हा सायकलीवर बसवितात. मुलगी पडली तर सायकल बंद होते. आपण सगळ्या हे जाणतो. म्हणून मी म्हणते, मुलीच्या सायकलीचा नट हा नुसता नट नाही, त्याला तिची शाळा अडकलेली असते.

आता कोणी म्हणेल, मग मिस्त्रीच लबाड, नाही का? असे मुळीच नाही. मी मिस्त्र्याच्या घरात वाढले. वैशाखातले ऊन, वर एक फाटके ताडपत्रीचे छप्पर, समोर तीन सायकली उलट्या करून ठेवलेल्या. एकीचे चाक काढलेले, दुसरीची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात, आणि तेवढ्यात कोणी ओरडतो, "भाऊ, हवा मार लवकर!" मिस्त्री उठतो, हवा मारतो, परत येतो आणि हातातला नट कोठवर आवळला होता ते त्याच्या ध्यानातून जाते. हातचे काम मध्येच तुटले की राहिलेले राहून जाते. पोळ्या लाटताना दाराशी कोणी आले तर तव्यावरची करपते, तसेच ते आहे. त्यात लबाडी नाही.

या धंद्याला कमी लेखणाऱ्यांना मी नेहमी एक आठवण देते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपल्या भावाबरोबर बेळगावात सायकलीचे दुकान काढले. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि लोकांना चालवायला शिकवायचे, असे ते दुकान. त्यातून पुढे लोखंडी नांगर निघाला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि त्याच किर्लोस्करांच्या घराण्यातून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले, ज्याने महाराष्ट्रातल्या कित्येक घरांतल्या बायकांना वाचायला आणि लिहायला लावले. सायकलीच्या दुकानापासून 'स्त्री' मासिकापर्यंतचा हा रस्ता मला तरी फार मौजेचा वाटतो.

मिस्त्री वाईट नाही, तरी सायकल पाहून घ्यावी. त्याचे कारण असे की दुरुस्ती एका जागेची होते, पण हात दहा जागांना लागतो. ट्यूब बदलायची तर चाक काढावे लागते. चाक काढायचे तर ब्रेक मोकळा करावा लागतो. मडगार्डची तार सोडावी लागते. कधी जाळी काढावी लागते. आपण मात्र ज्यासाठी सायकल नेली तेवढेच पाहतो. हवा राहते ना? राहते. झाले! आणि जे आधी नीट होते तेच आता ढिले झालेले असते, ते कोणी पाहत नाही. पंक्चर काढताना आपल्याकडे बहुतेक मिस्त्री चाक न काढताच एका बाजूने ट्यूब ओढून काढतात, तेव्हा भीती कमी. पण ट्यूब-टायर बदलला, चाकाचा आऊट काढला, किंवा ज्याला दुकानात 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात ते झाले, म्हणजे सगळी सायकल सुटी होऊन जुळली, तर मग सायकल नवीन आली असे समजूनच पाहावी.

हे पाहणे दुकानातच, मिस्त्री समोर असताना करावे. घरी आणून पाहिले तर पुन्हा कोण नेतो? आणि संकोच करू नये. मी उभी राहून पाहू लागले की नवखा मिस्त्री म्हणतोच, "कायले पाह्यता बाई, मस्त झाली." त्याला उत्तर वाद घालून देऊ नये. "भाऊ, पोरगी रस्त्यानं जाते, एकदा पाना लावून दाखवा," एवढे म्हटले की कोणताही भला माणूस पाना लावतो. आपण दागिना घडवून आणला तर सोनारासमोर फासा लावून-काढून पाहतो. तेव्हा सोनार रागावत नाही.

माझे वडील गिऱ्हाइकाला सायकल देण्यापूर्वी ती दोन्ही हातांनी चार बोटे उचलून जमिनीवर सोडून देत. मग कान देत. नीट आवळलेली सायकल 'ठप्' असा एकच भरीव आवाज करते. खळखळले, किणकिणले, तर काही तरी सुटे आहे: घंटी, मडगार्ड, चेनकव्हर, नाही तर चाक. ही परीक्षा आंधळ्यालाही करता येईल. सुरुवात तिच्यापासून करावी.

मग चाके. प्रत्येक चाकाला दोन नट, म्हणून चारही नटांवर पाना एकदा टेकवून पाहायचा. हाताने आवळलेला नट दिसण्यात पान्याने आवळलेल्या नटासारखाच दिसतो. डोळ्यांना तो ओळखता येत नाही. पान्यालाच ओळखतो. चाक चिमट्याच्या बरोबर मध्ये आहे का, दोन्ही बाजूंना सारखी फट आहे का, ते मागून आणि पुढून वाकून पाहावे. चाक उचलून फिरवावे. रिम डावी-उजवीकडे झोकांड्या खात असेल तर आऊट पुरता निघालेला नाही. चाकाचा वरचा भाग धरून आडवा हलवावा. खडखड लागली तर छर्ऱ्यांवरचा कोन ढिला आहे, आणि फिरताना चाक जड जात असेल तर तो जास्त आवळला आहे. तारांना बोट लावून तंबोऱ्यासारखे छेडावे. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर साधारण एक असला पाहिजे. मध्येच एखादी बद्द वाजली तर ती ढिली. हल्ली मुलांसाठी गिअरच्या सायकली येतात, त्यांत नटाच्या जागी उघडझाप करणारा खटका असतो. तो स्क्रूसारखा फिरवून घट्ट करायचा नसतो, दाबून मिटवायचा असतो, आणि मिटविताना तळहाताला जोर लागला पाहिजे. सहज मिटला तर तो ढिला समजावा.

आता ब्रेक. येथे मला जरा थांबावेसे वाटते. आज आपण चालवितो तशा दोन सारख्या चाकांच्या आणि चेनच्या सायकलीला आरंभी 'सेफ्टी' म्हणत. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची अशी सायकल काढली. त्याआधीच्या सायकलीला पुढे माणसाएवढे उंच चाक असे आणि पुढे कलंडले की माणूस डोक्यावर पडे. त्या मानाने ही सुरक्षित, म्हणून ते नाव. पण सुरक्षितपणा हा ज्या एका गोष्टीवर टांगलेला आहे ती म्हणजे ब्रेकचे दोन इंच रबर.

सायकल हातात धरून चार पावले चालावे आणि पुढचा ब्रेक दाबावा. पुढचे चाक जागीच अडले पाहिजे आणि मागचे चाक जमिनीवरून किंचित उचलले गेले पाहिजे. मग मागचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. मागचे चाक न फिरता घासत आले पाहिजे. ब्रेकची मूठ पूर्ण दाबली तरी ती हँडलला टेकता कामा नये. आणि दाबणारी बोटे मुलीची असली पाहिजेत, आपली नव्हेत, मिस्त्र्याची तर नव्हेतच! मिस्त्र्याच्या पंजाला हलका वाटणारा ब्रेक बारा वर्षांच्या मुलीच्या बोटांना पोहोचतही नाही. सगळी रबरे रिमवर सारखी बसतात का ते पाहावे. रबर वर सरकून टायरला लागले तर टायर कापते. खाली घसरले तर तारांत जाते.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जुन्या पद्धतीच्या ब्रेकमध्ये रबर ज्या लोखंडी खोबणीत बसते तिची एक बाजू उघडी आणि एक बंद असते. रबर बदलताना खोबणी उलटी बसली तर जोरात ब्रेक दाबताच चाक रबराला ओढून उघड्या बाजूने बाहेर काढते आणि ब्रेक हातात असूनही नसतो. म्हणून बंद बाजू ही चाक तेथून ज्या दिशेने जाते त्या दिशेला हवी. पुढच्या ब्रेकात ती समोरच्या बाजूला असते. एवढे एकदा वाकून पाहिले की झाले.

ओव्हरऑइलिंग झाल्यावर आणखी एक भीती. तेलाचा हात रिमला लागलेला असतो, नाही तर छर्ऱ्यांत घातलेले तेल ओघळून तारांवाटे रिमवर येते. तेलकट रिमवर चांगला ब्रेकही घसरतो. कोरडे फडके रिमवरून फिरवावे. काळे आले तर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे. चाकाला तबकडीचे ब्रेक असतील तर त्या तबकडीला तेलाचे बोटही लागू देऊ नये. पाऊस सुरू झाला की चकचकीत पोलादी रिमवर ब्रेक एरवीच उशिरा लागतो, हे मुलींना मृग लागण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

हँडलची परीक्षा अशी: पुढचे चाक आपल्या दोन गुडघ्यांत पकडावे आणि हँडल दोन्ही हातांनी पिळावे. ते चाकाविना फिरले तर मधला बोल्ट ढिला. मग पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि सायकल पुढेमागे हलवावी. हँडलच्या नळीपाशी 'कट् कट्' लागले तर तेथले छर्रे ढिले. कुरिअरने खोक्यातून आलेली नवी सायकल कोणी घरीच जोडली असेल, तर चिमट्याचा बाक पुढे आहे की मागे तेही पाहावे. चिमटाच उलटा फिरवून बसविलेल्या सायकली मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत आणि चालविणाऱ्याला वाटते की सायकलच चंचल आहे! सीटचे म्हणाल तर मुलगी वाढते तशी सीट दर वर्षी वर चढते. सीटच्या दांड्यावर एक खूण कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसली तर दांडा आत पुरेसा नाही, लांब दांडा घ्यावा. पोर लहान आहे, एवढ्याने काय होते, असे म्हणू नये. दांडा मोडतो तो पोराच्या वजनाने नव्हे, खड्ड्याच्या दणक्याने.

पायडलांची एक गंमत आहे. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे, पण डाव्याचे उलटे असतात. तसे नसते तर डावे पायडल चालविता चालविता आपोआप सुटत गेले असते. अमेरिकेतील डेटन गावचे राइट बंधू, ज्यांनी १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान उडविले, ते मुळात सायकलीचे दुकानदार. न सुटणाऱ्या पायडलाची जाहिरात त्यांनी १९०० साली केली होती, ती याच उलट्या आट्यांची. दुकानातला नवखा पोऱ्या डाव्याचे पायडल उजवीकडे बळेच आवळू लागला तर क्रँकचे आटेच खराब होतात. पायडलाच्या टोकावर इंग्रजी एल आणि आर अशी अक्षरे असतात, ती जागच्या जागी आहेत का पाहावी. आवळताना दोन्ही बाजूंना पाना पुढच्या चाकाकडे फिरवायचा, एवढे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. पायडल क्रँकला भिडून बसले पाहिजे, मध्ये आटे दिसता कामा नयेत. चेन मधोमध बोटाने वर-खाली करावी. अर्ध्या इंचाच्या आसपास खेळली म्हणजे ठीक. लोंबत असेल तर चढावर, ऐन रस्ता ओलांडताना, उतरते.

टायर रिमवर सारखा बसला आहे का हे पाहण्यासाठी रिमजवळ टायरवर जी बारीक रेघ असते ती चाकभर सारखी दिसते का, तेवढे पाहावे. एका ठिकाणी रेघ बुडाली आणि दुसरीकडे वर आली तर ट्यूब चिमटली असण्याचा संभव. वॉलवर थुंकीचा थेंब लावून बुडबुडा येतो का ते पाहणे हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहेच. पण पंक्चर काढल्यावर, "काटा कोठे आहे?" हे विचारल्याशिवाय दुकान सोडू नये. आपल्याकडे बाभळीचा काटा टायरात मोडून आत राहतो. ठिगळ लावतात, काटा तसाच. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर, आणि मुलगी भर उन्हात सायकल लोटीत घरी. मिस्त्र्याने टायरच्या आतून बोट फिरविले पाहिजे.

आता ज्यासाठी मी इतका वेळ धीर धरला ते सांगते. मागच्या चाकाची जाळी! साडीची, ओढणीची, आणि मागे बसलेल्या लहान भावाच्या टाचेची राखण करणारी ती जाळी. दुरुस्तीला ती काढतात आणि "पुढच्या वेळी लावू" म्हणून दुकानातल्या खिळ्यावर टांगून ठेवतात. चेनकव्हरचेही तेच. त्यांच्यावाचून सायकल चालते, म्हणून कोणाला त्यांची आठवण राहत नाही. मिस्त्र्याला, तो पुरुष असल्याने, ओढणीची धास्ती कधी वाटलेली नसते. ओढणी चाकात गेली तर ती गळ्याला ओढते, आणि लहान पोराचा पाय तारांत गेला तर टाच सोलून निघते. यांतले काही ज्यांनी एकदा पाहिले आहे त्या जाळीशिवाय दुकानातून पाय काढणार नाहीत. मी तर म्हणते, पैसे देण्यापूर्वी जाळी. तीच गोष्ट मागच्या लाल काचेची, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या परावर्तकाची. मडगार्ड काढताना तो फुटतो आणि कोणी सांगत नाही. हिवाळ्यात शिकवणीहून येताना अंधार पडतो. ट्रकवाल्याला मुलगी दिसत नाही, तो लाल ठिपका दिसतो.

हे सगळे सांगायला मला एवढा वेळ लागला, पण करायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. शेवटी मुलीने दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत एक चक्कर मारावी, हळू, मग जरा जोरात. दोनदा ब्रेक लावावा, डावीकडे-उजवीकडे वळावे. गर्दीच्या रस्त्यावर पहिली चक्कर नको.

बायकांना यंत्रातले काय कळते, असे म्हणणारे अजून आहेत. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकविण्याचे काम झाले. त्या वेळी शीला राणी चुंकत या बाई तेथे जिल्हाधिकारी होत्या. खाणीत दगड फोडणाऱ्या आणि शेतात मजुरी करणाऱ्या हजारो बाया सायकलीवर बसल्या. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि वर म्हणाल्या की याच बऱ्या, पुढच्या दांडीवर पोराला बसविता येते! आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली एकटीने सायकलवर जगप्रदक्षिणा पुरी केली. वाटेत काय नि किती बिघडले असेल. प्रत्येक वेळी मिस्त्री थोडाच सापडला असेल. आपल्याला जगप्रदक्षिणा करावयाची नाही. घर ते शाळा एवढेच अंतर आहे.

एक गोष्ट राहिली. दुरुस्तीनंतर आठवड्याने सायकल पुन्हा एकदा दुकानात न्यावी. नवी कॉटर पिन चालविल्यावर आत बसते आणि तिचा नट थोडा ढिला पडतो. मग दर फेऱ्याला क्रँक 'टक्' करते. ब्रेकची नवी तारही आठ दिवसांत सैलावते, नव्या बसविलेल्या तारांचेही तेच. हा मिस्त्र्याचा दोष नाही, लोखंडाचा स्वभाव आहे, आणि हे काम बहुतेक मिस्त्री पैसे न घेता करून देतात. त्या वेळी पोरीलाच पाठवावे, तिनेच सांगावे. माझ्या शेजारची एक मुलगी आता दुकानात गेली की मिस्त्रीच म्हणतो, "घे बाई पाना, तूच पाह्यून घे आधी."

मंडळाच्या खर्चातून दोन पाने, एक स्क्रूड्रायव्हर, एक पंप आणि तेलाची कुपी एवढे सामान घेऊन ठेवावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. तोवर माझे घरचे आणले आहे. बाहेर अंगणात तीन सायकली उभ्या आहेत, त्यांतल्या दोन परवाच दुकानातून आल्या आहेत. चहा व्हायला अजून अवकाश आहे असे स्वयंपाकघरातून सांगत आहेत. तेव्हा ज्यांना हात काळे करायचे असतील त्यांनी पदर खोचून माझ्याबरोबर यावे.